उन्हाळ्यातल्या बाटल्या आणि प्रमिलाताई

प्रमिलाताई,

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. तेराव्याला वडूजला आलो होतो. तुमच्या सासरच्या अंगणात बसून लोक तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोलत होते, की तुम्ही तिथं असता तर चष्मा वर सारून म्हणाला असता, "पुरावा काय?" तुमचं शिक्षण, तुमची नोकरी, तुमचे विद्यार्थी, सगळं त्यांनी क्रमवार सांगितलं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हणालो, आणि खरं सांगायचं तर ते बरंच झालं. मला जे बोलायचंय ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून हे लिहितोय.

मला आपल्या डब्याबद्दल बोलायचंय. घट्ट झाकणाचा, कडीचा, स्टीलचा डबा. मी सांगलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा, तुम्ही साताऱ्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या. मी पदार्थ बनवायचा, छोट्या बाटल्यांत भरायचा, बाटल्या कापसात आणि कापूस डब्यात, आणि डबा साताऱ्याच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात. तुम्ही स्टँडवर उभ्या. आठवड्याभरानं तोच डबा उलट्या गाडीनं परत यायचा, आणि कधीच रिकामा यायचा नाही. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये हा नियम तुम्ही रसायनांच्या डब्यालाही लावलात. आत वडूजची मटकी, नाहीतर हुलगे, आणि चिठ्ठी: "खायचं वेगळ्या पिशवीत बांधलंय, घाबरू नकोस." आमची ही ती मटकी तीनदा धुवायची.

आपली ओळख कोल्हापूरला शिक्षकांच्या उजळणी वर्गात झाली, आठवतं? मी चहाच्या रांगेत कुरकुरत होतो, की माझे रेणू कागदावर छान दिसतात, पण त्यांचा कुणाला काडीचा उपयोग नाही. तुम्ही मागून म्हणालात, "मग उपयोगाचा कर एखादा. मी तपासून देते." ना ओळख ना पाळख, आणि पहिल्याच वाक्यात 'कर'. मला रागच आला होता. माझा राग तुम्हाला पुढं चांगला माहीत झाला.

आपण काय करत होतो हे माझ्या आबांना तुम्ही जसं सांगितलंत, तसं मला आजही वर्गात सांगता येत नाही. तुम्ही पलूसला आमच्या रानात आला होता. बांधावर बसून आबांनी विचारलं, "बाई, तुमी दोगं करताय तरी काय एवढं? ह्यो तर घरात बी बाटल्याच बघत बसतोय."

तुम्ही म्हणालात, "आबा, कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधी रोलर कोण बसवतं?"

"फिटर."

"आणि तो आलाच नाही तर?"

"मग कसलं गाळप? ऊस वाळतोय रानात."

"जंतूच्या पोटात असाच एक फिटर असतो. जंतूला जगायला प्रथिनं लागतात, ती बनवणाऱ्या यंत्राला रायबोसोम म्हणतात. ते यंत्र जुळवायला हा फिटर लागतो. त्याला काम करायचं तर हातात एक पाना धरावा लागतो, त्याचं नाव जीटीपी. दिनकर त्याच्या हातात खोटा पाना देणार. एकदा तो खोटा पाना धरून बसला, की यंत्र जुळत नाही आणि जंतूचा हंगाम बुडाला."

आबांनी तंबाखू मळता मळता विचार केला. म्हणाले, "पर मानसाच्या पोटात बी फिटर असंलच की. त्येच्या हातात ह्यो खोटा पाना गेला तर?"

तुम्ही मोठ्यानं हसलात आणि माझ्याकडं वळून म्हणालात, "हा प्रश्न तू मला तीन महिन्यांत एकदाही विचारला नाहीस." आबांचा रुबाब त्या दिवसापासून जो वाढला तो वाढलाच. औषध कधी निघणार हे ते दर सणाला विचारायचे, आणि माणसाच्या फिटरचं काय केलंस, हेही.

तो फिटर म्हणजेही एक प्रथिनच. ते यंत्राच्या जुळणीत असावं असं तेव्हा कुठं लोक बोलायला लागले होते. त्याचा नेमका आकार कुणालाच ठाऊक नव्हता. तुम्ही पुण्याहून त्याच्या कुळातल्या दुसऱ्या एका प्रथिनाच्या आकाराच्या झेरॉक्स आणल्यात. आमच्याकडं कॉम्प्युटर एकच, तोही प्राचार्यांच्या केबिनमध्ये कापड पांघरून. मग मी तारेचा सांगाडा केला, त्यावर शाडूची माती थापली, आणि जीटीपी जिथं बसतो तो खिसा हातानं कोरला. लाकडी गोळ्यांचे रेणू करून त्या खिशात बसतात का बघायचो. तुम्ही पाहायला आलात आणि म्हणालात, "गणपती चांगला झालाय, सोंड राहिली." पण मग खुर्ची ओढून दोन तास बसलात, आणि कुठली गोळी कुठं घासते हे बोटानं दाखवत राहिलात. माझे पहिले नऊ पदार्थ त्या मातीच्या खिशातून निघाले. माझ्या आयुष्यात इतक्या आनंदाचं काम मी त्याआधी केलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

बाटल्यांवर नाव लिहायचं नाही, हा तुमचा हुकूम. फक्त आकडा आणि बनवल्याची तारीख. कुठल्या बाटलीत काय आहे ते मला माहीत, तुम्हाला नाही. शिवाय एक बाटली नुसत्या द्रावकाची, म्हणजे औषध नसलेली, आणि तीही कुठली ते सांगायचं नाही. मी म्हणालो, "ताई, माझ्यावर विश्वास नाही का?" तुम्ही म्हणालात, "तुझ्यावर आहे. माझ्या डोळ्यांवर नाही. मला तुझं काम चालावंसं वाटतं ना, म्हणून." हे वाक्य मला कळायला काही वर्षं लागली.

तपासणी साधी होती. ते प्रथिन तुम्ही पुण्याच्या प्रयोगशाळेतून बर्फात घालून आणायचात. प्रथिन जीटीपी तोडतं, त्यातून फॉस्फेट सुटतं, आणि फॉस्फेट असलं की नळीत हिरवा रंग येतो. रंग आला म्हणजे प्रथिन मजेत आहे. रंग आला नाही म्हणजे आपला खोटा पाना बसला. त्या पहिल्या एप्रिलमध्ये तुम्ही पीसीओवरून कॉलेजात फोन केलात. शिपाई तातोबा धावत मला वर्गातून बोलवायला आला. "चार नंबर," तुम्ही म्हणालात, "आणि सात. जवळजवळ रंगच नाही." मी त्या ऑफिसात, प्राचार्यांसमोर, फोनचा रिसीव्हर हातात धरून उडी मारली होती. वय वर्षं चाळीस.

माझ्यासाठी त्यात काय होतं हे तुम्हाला माहीत होतं. पीएच.डी.ची माझी मुदत संपत आली होती. एकदा वाढवून घेतली होती, पुन्हा वाढणार नव्हती. प्रबंधाचा सगळा भार चार आणि सात नंबरच्या त्या एका प्रकरणावर होता. ते नसतं तर मी आयुष्यभर डॉक्टर न झालेला, झालो असतो असं सांगत फिरणारा मास्तर राहिलो असतो. असे आमच्या स्टाफरूममध्ये दोन होते. त्यांच्याशेजारी मला बसायचं नव्हतं.

पावसाळ्यात मी चार नंबर पुन्हा बनवला, आणि तुमच्याकडं नळी हिरवीगार झाली. मी लगेच म्हणालो, तुमचं प्रथिन शिळं झालं असणार, पुण्याहून येताना थर्मासमधला बर्फ वितळला असणार. तुम्ही न रागावता ताजं प्रथिन आणलंत. पुन्हा हिरवं. दिवाळीत पुन्हा हिरवं. मार्चमध्ये मी नवा घाणा पाठवला, आणि नळी पांढरी राहिली! मी पेढे वाटायच्या बेतात होतो, तेवढ्यात तुमचं कार्ड आलं: "तुझी रसायनं ऋतू बघून काम करतात. उन्हाळ्यातल्या बाटल्या चालतात, पावसाळ्यातल्या नाहीत. चार नंबरही तसाच, सातही तसाच. असं औषध मी पाहिलेलं नाही. येतेय."

आणि आलात. सांगलीत हळदीचे दिवस होते. आमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीला लागून हळदीची वखार. फेब्रुवारीपासून मेपर्यंत तिथं पिंपं फिरायची, वाळलेली हळकुंडं घासून चकचकीत करणारी, आणि तिचा पिवळा धुरळा सगळ्या गल्लीवर बसायचा. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. सांगलीच्या माणसाला हळदीचा वास येत नाही. आणि आमच्याकडं वाफा ओढून घेणारं कपाट नव्हतं, म्हणून मी काम करताना ती मागची खिडकी सताड उघडी ठेवायचो. माझे पदार्थ वाळायला ठेवायचो तेही तिथंच, उन्हात, पसरट काचेवर. पहिल्या नवातले चार आणि सात तेवढे हळदीच्या दिवसांत वाळलेले, बाकीचे त्याआधीच झाले होते. पदार्थ मुळातच फिकट पिवळे, त्यात आणखी थोडं पिवळं काय दिसणार!

तुम्ही आत आलात, चप्पल बाजूला केलीत, आणि एकदाच खोल श्वास घेतलात. मग तातोबाला म्हणालात, "तातोबा, तुमच्या चंचीत चुना आहे?"

"हाय की, बाई. पर तुमी कवापास्नं..."

"मला खायला नको. द्या जरा."

तुम्ही ओला कापूस खिडकीच्या चौकटीवरून फिरवलात. त्याला चुना लावलात. कापूस लाल झाला. ते कोणत्याही घरातल्या बाईला माहीत असतं, हळदीला चुना लागला की लाल होते. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मलाही माहीत होतं. मग तुम्ही माझ्या मार्चच्या बाटलीतली चिमूट बशीत घेतलीत, स्पिरिटचा थेंब, चुन्याचं बोट. तांबूस झालं. मी म्हणालो, माझा पदार्थच चुन्यानं रंगत असेल. तुम्ही पर्समधून पावसाळ्यातली बाटली काढलीत, तोच चार नंबर, तोच मी बनवलेला. तेच केलंत. फिकट पिवळं होतं, फिकट पिवळंच राहिलं.

"हळदीतला तो पिवळा अंश बोटाला चिकटतो, लुगड्याला चिकटतो, तसा प्रथिनालाही चिकटतो, दिनकर," तुम्ही हळू आवाजात म्हणालात. "कुठल्याही प्रथिनाला. तुझा पाना तिथं बसलेलाच नाही."

उत्तर नसलं की माणसानं गप्प बसावं. माझ्या डोळ्यांसमोर ते टाइप केलेलं प्रकरण होतं, मुदत होती, स्टाफरूममधल्या त्या दोन खुर्च्या होत्या. आणि मी म्हणालो, "हळद आणि चुना. कुंकू करायला निघालात की काय, ताई? ते तुमच्या कुठल्या कामाचं?"

तुमचे यजमान फौजेत असताना गेले तेव्हा तुम्ही पंचविशीच्या होतात. वडूजच्या तुमच्या सासऱ्यांनी, त्या निवृत्त सुभेदारांनी, तुम्हाला कोपऱ्यात बसू दिलं नाही, पुण्याला शिकायला पाठवलं. गावात हळदीकुंकवाला तुम्हाला कुणी बोलवत नव्हतं, आणि तुम्ही ते हसत सांगायचात, "बरंय, तेवढीच एक संध्याकाळ वाचते." हे सगळं मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच ते वाक्य माझ्या तोंडात आलं. लागावं म्हणूनच म्हणालो होतो.

तुम्ही रागावलात की मला 'दिनकरराव, तुम्ही' म्हणायचात. त्या दिवशी तेही नाही. बशी धुतलीत, हात पुसलेत, तातोबाला चुन्याची डबी परत दिलीत, आणि "पाचची गाडी मिळेल" एवढंच बोलून निघालात. तातोबा दारात उभा होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "सर, लय वंगाळ बोललासा." त्यानं चार दिवस मला चहा आणून दिला नाही. बरोबर केलं.

तीन आठवडे डबा आला नाही, गेला नाही. ते टाइप केलेलं प्रकरण माझ्या टेबलावर होतं. तसंच बांधून दिलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. परीक्षक काही सांगलीला येऊन खिडकी पुसणार नव्हते. तुम्ही बोलला नसता, हेही मला पक्कं ठाऊक होतं, आणि तेच मला झोंबत होतं. मी बाइंडरकडं दोनदा जाऊन परत आलो. ताई, मी काही फार प्रामाणिक माणूस नाही. तिसऱ्यांदा गेलो असतो तर देऊन आलो असतो.

त्याआधी तुमचं कार्ड आलं. "मे महिन्यात आमची प्रयोगशाळा रिकामी असते. खिडकी उत्तरेला, समोर नुसता अजिंक्यतारा. पाच आठवडे आहेत, नऊ पदार्थ होतील. खल, बशा, काचा सगळं नवं घे, तिकडचं काही आणू नकोस. जेवायला माझ्याकडं. प्र." बस्स. ना टोमणा, ना उपदेश. मी ते कार्ड उलटून पाहिलं, कुठंतरी माझ्या त्या वाक्याचा उल्लेख असेल म्हणून. नव्हता.

ते पाच आठवडे मी कसे विसरेन? सकाळी तुम्ही कुलूप उघडायचात, मला स्वच्छ धुतलेला कोट द्यायचात आणि दारातच माझी नखं तपासायचात, शाळेतल्या बाईंसारखी. जेवणात हळद घातलेली भाजी वाढताना म्हणायचात, "हात धुऊन कामाला लाग, नाहीतर पुन्हा औषध सापडेल." तुम्ही त्याची थट्टा करू शकत होता. मी ताटात बघत बसायचो.

नऊ पदार्थ झाले. आकडे नव्यानं टाकले, तुम्हाला न सांगता. आठ नळ्या हिरव्या झाल्या, पावसाळ्यातल्या रानासारख्या. चार नंबर मेला, सातही मेला. एकाच नळीचा रंग निम्मा उतरला, तोही औषध भरपूर घातल्यावर. मी यादी उघडून पाहिली. सहावा पदार्थ. तोवर ज्याच्याकडं आपण दोघांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं तो. तुम्ही तो प्रयोग पाचदा केलात. पाचव्यांदा टेबलावर थाप मारून म्हणालात, "एक खरा निघाला, गड्या. लय झालं!" बायका पुरुषांना गड्या म्हणत नाहीत आमच्याकडं. तुम्ही म्हणालात. मला त्या पदवीपेक्षा ही पदवी मोठी वाटते.

प्रबंध मुदतीत गेला, बारीक झालेला. हळदीची सगळी हकीकत मी त्यात दोन पानांत लिहिली, कारण तुम्ही लिहायला लावलीत. "चूक छापली नाही तर पुढचा सांगलीकर पुन्हा करेल," तुमचं म्हणणं. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत निम्मा वेळ त्या दोन पानांवरच घालवला आणि शेवटी म्हणाले, प्रबंधातला सगळ्यात भरवशाचा भाग हाच आहे. आबांनी पलूसमध्ये सगळ्यांना सांगितलं, की पोरानं खोटा पाना खरा केला. माणसाच्या फिटरचं काय, ते मात्र अजून राहिलंय.

आणि सहा नंबरवरचं आपलं भांडण तुम्ही अर्धवट टाकून गेलात. मी म्हणायचो, जंतू मरतो आणि नळीत प्रथिनही अडतं, म्हणजे झालं सिद्ध. तुम्ही म्हणायचात, "जंतू भलत्याच कारणानंही मरत असेल. तुझं औषध सोसून जगलेले जंतू शोध. त्यांच्यातलं आपलं प्रथिनच बदललेलं निघालं, तर मी मानेन." असे जगलेले अकरा जंतू तुम्ही नळ्यांत जपून ठेवलेत. तुमच्या कॉलेजच्या फ्रिजमधून मी ते मागून घेतले आहेत. निकाल काय लागेल माहीत नाही. तुमच्या बाजूनं लागला तरी मी या वेळी प्रथिनाला शिळं म्हणणार नाही.

मी डॉक्टर झालो, रीडर झालो, मुलांपुढं ताठ उभा राहतो, ते तुम्ही मला खोट्या यशापासून ओढून काढलंत म्हणून. हे उपकार म्हटलेलं तुम्हाला आवडलं नसतं. पण मी म्हणणार.

शेवटचं भेटलो ते दवाखान्यात. तुम्ही उशाला टेकून बसला होतात, आवाज बारीक झाला होता. मी मनाशी ठरवून आलो होतो. म्हणालो, "ताई, त्या दिवशी, ते चुन्याच्या वेळी, मी जे..." तुम्ही हात वर केलात. "सहा नंबर कोरड्या जागी ठेवलायस ना? त्याला दमट हवा सोसत नाही." मी म्हणालो, ठेवलाय. मग आपण सहा नंबरवर बोललो, नर्सनं मला उठवेपर्यंत. बाहेर आल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. तसं वाटल्याची आता लाज वाटते. तुम्ही मला वाचवत होता की स्वतःला, हे विचारायचं धाडसही माझ्यात नव्हतं.

ती हळदीची गोष्ट मी दर वर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलांना सांगतो. आतापर्यंत 'आमच्या ओळखीच्या एका प्राध्यापकाची चूक' म्हणून सांगायचो. काल पहिल्यांदा सांगितलं, की तो प्राध्यापक मी. आणि जे बोललो तेही सांगितलं, शब्दाला शब्द. वर्गात कुणी हसलं नाही. पाटणहून येणारी एक मुलगी आहे, तिसऱ्या बाकावर बसते, फारशी बोलत नाही. तिनं उभं राहून विचारलं, "सर, मग तुम्ही त्यांची माफी मागितलीत?"

मी म्हणालो, "नाही."

"मागायला पाहिजे होती, सर," ती म्हणाली, आणि खाली बसली.

ताई, माझं चुकलं. आज विषय बदलायला तुम्ही नाहीत.

तुमचा,
दिनकर